होडीला लावलेलं ब्रेकचं चाक

महादू, तुझ्या तेराव्याला वहिनींनी मला एक प्रश्न विचारला आणि मी सगळ्यांसमोर तो टाळला. जेवणं आटोपली होती. माणसं ओट्यावर सुपारी कातरत बसली होती आणि बोलणं फिरून फिरून तुझ्या होडीवर येत होतं. एक जण म्हणाला, रेल्वेच्या माणसाला शिडाच्या होडीचा नाद हवाच कशाला. दुसरा म्हणाला, वारा आला आणि महादू घाबरला; घाबरलेल्या माणसाला डावं-उजवं कुठलं सुचतंय. आरमारातून निवृत्त होऊन लोणावळ्यात राहायला आलेले एक गृहस्थ होते, त्यांनी काठाला ओढून आणलेल्या होडीचं पुरतं फिरलेलं चाक पाहिलं होतं, आणि मान हलवत निकालच देऊन टाकला. वारा पाठीमागून असताना सुकाणूचं चाक असं गरागरा फिरवणं ही म्हणे नवशिक्याची चूक. वहिनी आतल्या दाराशी उभ्या होत्या. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सरळ मलाच विचारलं.

"भावजी, तुमी हुता की संगट. त्ये भ्यालते का?"

सवडीनं येऊन सांगतो, असं काहीतरी मी पुटपुटलो आणि चपला घालून निघालो. औंढ्याहून बाजारात येईपर्यंत रस्ताभर मी तुझ्याशी भांडत होतो. मेलेल्या माणसावर रागावू नये अशी रीत आहे म्हणतात. मी ती पाळणार नाही. तू होतास तेव्हा आठवड्यातून एकदा तरी आपली जुंपायची, आता तू गेलास म्हणून माझा स्वभाव काही गोड होणार नाही.

वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक आहे. तू भ्याला नव्हतास. यार्डातल्या मालगाडीनं शिट्टी दिली आणि तुझ्या हातांनी ब्रेक आवळला, एवढंच झालं. हातात गाडीचा ब्रेक नव्हता, होडीचं सुकाणू होतं. हे मी चार हातांवरून पाहिलं आणि माझ्याशिवाय ते कोणी पाहिलेलं नाही. पण वहिनींना हे सांगू कसं? यार्डातली प्रत्येक शिट्टी औंढ्यात तुमच्या दारात ऐकू येते. त्यांना उरलेलं आयुष्य त्याच घरात काढायचं आहे. सांगितलं, तर दर गाडीला त्यांच्या जिवाचं पाणी होणार. न सांगितलं, तर नवरा भेदरून मेला असं समजून त्या जगणार, आणि वर ते नवशिका म्हणणारे आहेतच. यातलं बरं काय ते तूच सांग. नेमकं असल्या वेळी तू बोलायचा नाहीस, ही तुझी जुनी खोड.

आपण शाळेत एका बाकावर बसलो, एवढ्यावर ही सोयरीक सुरू झाली. तू औंढ्याच्या भातशेतीतला, मी बाजारपेठेतल्या घड्याळजीचा मुलगा. तू मला बशा म्हणायला लागलास आणि पुढे दुकानावर माझं बशीर हे नाव रंगवलं तेव्हा तू त्याकडे बघून विचारलंस की हा कोण नवीन माणूस. माझे वडील गेले त्या दिवशी तू घाटातली ड्युटी कोणाच्या तरी गळ्यात मारून आलास आणि कबरीची माती लोटायला माझ्या सख्ख्या भावांच्या आधी उभा राहिलास. त्याबद्दल मी तुला कधी काही बोललो नाही. आज बोलतो. त्या दिवशी माझे पाय थरथरत होते आणि तू माझ्या पाठीला पाठ लावून उभा होतास, कोणाला दिसू नये म्हणून. ते मला कळलं होतं, महादू.

होडी मुळात तुझी नव्हतीच. मुंबईच्या एका म्हाताऱ्या साहेबांचा इथे बंगला होता, त्यांची ती. सुट्टीत यायचे आणि वळवणच्या धरणावर शीड लावून फिरायचे. एरवी होडीवर नजर ठेवायला त्यांना कोणीतरी हवं होतं, आणि तुझी ड्युटी अशी की सगळं जग कामाला गेलं की तू मोकळा. त्यांनी तुला शीड बांधायला शिकवलं, वारा गालावर कसा ओळखायचा ते शिकवलं. पुढे त्यांचे गुडघे गेले, मग नजर गेली. बंगला विकायला निघालेल्या त्यांच्या मुलांना त्या होडीत जळणापलीकडे काही दिसलं नाही, म्हणून ती तुझ्याकडे राहिली. तेव्हाच ती म्हातारी झाली होती. तळाच्या फळ्यांतून पाणी झिरपायचं आणि आपण आळीपाळीनं डबड्यानं उपसायचो.

मला पाण्याची भीती, हे तुला शाळेपासून माहीत. तरी तू मला नेलंस. दिवसभर डोळ्याला भिंग लावून नखाएवढ्या चाकांत बघणारा माणूस मी. पानशेतच्या पुरानंतर पुण्याहून गाळ भरलेल्या घड्याळांच्या पिशव्या आल्या तेव्हा कित्येक महिने मी मान वर केली नव्हती. तू दुकानात आलास, भिंग काढून घेतलंस आणि म्हणालास, चल, लांबचं बघायला. धरणाच्या मधोमध गेल्यावर लोहगडाच्या बाजूचे डोंगर बघताना माझे डोळे दुखले, इतकी त्यांना लांब बघायची सवय गेली होती. माझी दृष्टी अजून शाबूत आहे ती तुझ्यामुळे, असं मी घरी सगळ्यांना सांगतो. तुला मात्र सांगायचो की तुझ्या नादानं माझा धंदा बसला.

होडीवर तू डावं-उजवं कधी म्हणाला नाहीस. मुंबईकडची बाजू अप आणि पुण्याकडची डाऊन. "बशा, जरा अपला सरक," म्हणायचास. होडी वळली की अप कुठे गेलं ते मला पुन्हा डोंगर बघून ठरवावं लागायचं. मी चिडायचो. गाडीच्या डब्यातून तू बाहेर कधी येणार, असं विचारायचो. तू हसायचास. आता वाटतं, मी विचारत होतो ते खरंच होतं. तू त्या डब्यातून बाहेर आलाच नाहीस.

तो डबा मी एकदाच पाहिला. घाट उतरताना मालगाडीला नुसतं इंजिन धरून ठेवू शकत नाही, म्हणून मागच्या डब्यात ब्रेकवाला असतो, आणि ड्रायव्हरनं तीन तुटक शिट्ट्या दिल्या की त्यानं हातब्रेकचं लोखंडी चाक उजवीकडे फिरवत सुटायचं, हे तू मला समजावून सांगितलंस. ब्रेक लावणं हा शब्द तुम्हा घाटवाल्यांच्या तोंडी नव्हता. तुम्ही पिळायचात. डावा पाय पुढे रोवायचा, खांदा खाली घालायचा, अंगाचा सगळा भार चाकावर टाकून पिळत राहायचं, गाडी सावरेपर्यंत. विचार करायचा नाही, बाहेर बघायचं नाही. शिट्टी झाली की पिळायचं. इतकी वर्षं तू ते केलंस की भाकरी मोडतानाही तुझी मनगटं उजवीकडे वळायची.

मग एका पावसाळ्यात डब्याच्या ओल्या पायरीवरून तू पडलास. उजवा खांदा निखळला. तो बसवला, पण पहिल्यासारखा झाला नाही. डॉक्टरांनी तुला घाटातून काढलं आणि स्टेशनवर कंदिलांच्या खोलीत बसवलं, काचा पुसायला आणि वाती कातरायला. हे हलकं काम आहे, असं सगळे तुला पटवत होते. तू कोणाशी वाद घातला नाहीस. फक्त माझ्या दुकानात येऊन बसायला लागलास आणि बोलेनासा झालास. वहिनी मला म्हणाल्या होत्या की भाकरी अर्धी टाकून उठतात. तेव्हा मला पहिल्यांदा धास्ती वाटली.

तुझ्याकडे ती होडी तेवढी उरली होती, आणि तीही हातची जाणार असं दिसायला लागलं. सुकाणूला लांब लाकडी दांडा होता. वारा वाढला की तो दांडा अशी ओढ घ्यायचा की तुझ्या खांद्याला सोसायची नाही. एकदा भर वाऱ्यात तुझ्या हातून तो सुटला आणि होडी काठच्या गाळात जाऊन रुतली. तू उठला नाहीस. दांड्याकडे बघत बसलास. मग म्हणालास की ही आता चुलीत घालावी. तुझा आवाज असा होता की मी ताबडतोब तुला शिव्या दिल्या, नाहीतर मलाच रडू आलं असतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तू गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी आणून माझ्या दुकानाच्या फळीवर आदळलंस. कपाटातली घड्याळं हलली. मोडीत काढलेल्या गार्डाच्या डब्याचं ब्रेकचं चाक होतं ते, तळेगावच्या भंगारवाल्याकडून शोधून आणलेलं. तुझा बेत पक्का होता. होडीच्या मागच्या अंगाला एक खांब उभा करायचा, त्यावर हे चाक उभं बसवायचं, चाकाखाली रीळ, रिळावरून दोन्ही बाजूंनी तारा काढायच्या, कप्प्यांवरून त्या मागे नेऊन सुकाणूच्या दांड्याला बांधायच्या. मग दांडा ओढायचं काम रीळ करणार, खांद्याला त्रास नाही. तू हे सगळं खडूनं माझ्या फरशीवर काढून दाखवलंस. कित्येक महिन्यांनी तू इतकं बोललास. मी मनातल्या मनात अल्लाचे आभार मानले आणि तोंडानं म्हणालो की चाक भिकार आहे.

ते भांडण अजून मिटलेलं नाही, म्हणून ते इथे लिहितो. साहेबांचं पितळी पेटीतलं होकायंत्र माझ्याकडे दुरुस्तीला होतं. त्यातलं स्पिरिट आटलं होतं, तबकडी एका बाजूला अडकून बसली होती. मी ती सोडवली, टोक घासलं, नवं स्पिरिट भरलं, बुडबुडा काढायला एक अख्खी दुपार घातली. आणि तुझं ते लोखंडी धूड शेजारी ठेवल्याबरोबर माझी उत्तर दिशा चाकाकडे वळली. जत्रेत आई दिसल्यावर पोर जसं धावतं, तशी. मी तुला दाखवलं. म्हणालो, लोखंड नको, वराळ्याच्या सुताराकडून सागवानी चाक करून घेऊ, तो तयार आहे. तू तुझा हात चाकाच्या कडेवरून फिरवलास.

"लाकडाला माझा हात ठावा न्हाई, बशा. ह्याला ठावा हाय. तुजं होकायंत्र म्होरं सरकव."

मी म्हणालो, होडी तुझ्या हाताला ओळखून चालत नाही, वाऱ्यावर चालते. तू म्हणालास, मी घड्याळं बघावीत. शेवटी होकायंत्राची पेटी पुढे, डोलकाठीच्या पायाशी बसवली, आणि तिथून ती तुला नीट दिसायची नाही म्हणून आकडा ओरडून सांगायला मला तिच्याशेजारी बसवलं. मला सुईची काळजी होती, फक्त सुईची. चाक नको म्हणण्याचं खरं कारण काय, ते मलाही ठाऊक नव्हतं आणि तुलाही नव्हतं. आपण दोघंही चुकीच्या गोष्टीवरून भांडत होतो. त्या भांडणात मी जिंकलो असतो तर तू आज असतास, हे माझ्या डोक्यातून जात नाही. पण मी तुझ्याशी कधी जिंकलोय?

त्या उन्हाळ्यात आपण काय काय उद्योग केले. साहेबांच्या बंगल्यातलं हवेचा दाब सांगणारं यंत्र तू चाकाच्या खांबाशेजारी लावलंस. ते मी दुरुस्त केलं खरं, पण लोणावळ्यात त्याचा उपयोग काय? मृग लागला की काटा जो खाली बसायचा तो गणपतीपर्यंत उठायचा नाही. त्याच्या शेजारी तू तसाच एक रेल्वेचा डायल ठोकलास, गाडीच्या ब्रेकच्या नळीतला दाब दाखवणारा. होडीला नळी नाही, ब्रेक नाही, काटा जन्मभर शून्यावर. हा कशाला, मी विचारलं. डायल समोर असला की धीर वाटतो, असं तू म्हणालास. आरमारातले ते गृहस्थ एकदा काठावर फिरायला आले होते आणि तो डायल बघून पोट धरून हसले. तूही हसलास. डायल काही काढला नाहीस.

पहिल्या दिवशी पाण्यात गेलो तर तारा उलट्या बसल्या होत्या. चाक उजवीकडे फिरवलं की होडी डावीकडे जायची. तू अर्धा तास तशीच चालवलीस आणि म्हणालास, सवय होईल. मी ऐकलं नाही. मी तारा सोडवल्या आणि अदलाबदल करून नीट बांधल्या, घड्याळजीला उलटं चाक बघवत नाही. हे मी अपराध म्हणून सांगत नाही. नीट ते नीटच बांधायचं असतं. पण तू गेलास त्या दिवशी तारा तशाच उलट्या असत्या, तर तुझ्या पिळण्यानं होडी वाऱ्याकडे तोंड करून वळली असती, शीड नुसतं फडफडलं असतं आणि होडी आपोआप थांबली असती. हे मी कागदावर काढून पाहिलंय. पुन्हा पुन्हा काढून पाहिलंय.

वर्ष-दीड वर्ष तुला मिळालं. हे मी मान्य करतो. दिवसभर कंदिलाच्या काचा पुसून तू धरणावर यायचास, चाकामागे उभा राहायचास आणि तुझी मान ताठ व्हायची. वहिनी म्हणायच्या, घरातलं माणूस परत आलं. औंढ्याची पोरंटोरं काठावर जमून तुला हाका मारायची आणि तू न बघता हात हलवायचास, गाडीतून गार्ड हलवतो तसा. ते दिवस त्या चाकानं दिले. म्हणून त्याला शिव्या द्यायला तोंड उघडलं की माझी जीभ अडखळते.

आता तो दिवस. दिवाळी होऊन गेली होती. भात कापून झालं होतं. तुझी सुट्टी होती, आपण दुपारी निघालो. वारा पुण्याकडून होता, डाव्या खांद्यामागून येत होता, आणि शीड उजव्या अंगाला पाण्यावर पूर्ण पसरलेलं. अशा वेळी होडी उजवीकडे वळवायची नसते, हे साहेबांनी तुला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. वळवली तर वारा शिडाच्या मागच्या बाजूनं शिरतो आणि शिडाखालचा आडवा वासा सगळ्या जोरानं या अंगावरून त्या अंगावर येतो. तुला हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. तूच मला पेटीशेजारी खाली बसवायचास, डोकं वाचावं म्हणून.

मी मागे वळून तुझ्याशी बोलत होतो. त्याच चाकाबद्दल, दुसरं काय. सागवान अजून सुताराकडे पडून आहे, असं सांगत होतो. तू काहीतरी उत्तर देणार होतास, ओठ हलले होते. तेवढ्यात यार्डाच्या बाजूनं, एरवी धरणापर्यंत न पोचणारा आवाज वाऱ्यावर आला. तीन शिट्ट्या, तुटक.

तुझा चेहरा मी पाहिला. त्यावर भीती नव्हती. मी तिथे आहे हे त्या चेहऱ्याला माहीतच नव्हतं. तुझे डोळे त्या शून्यावरच्या डायलकडे गेले. डावा पाय पुढे आला, फळीवर रोवला गेला. दुखरा खांदा खाली गेला आणि तू पिळायला लागलास. घाईनं नाही, धांदलीनं नाही. एकामागून एक हात, अंगाचा भार टाकून, जसं तुला करायचं होतं तसं. मी तुझं नाव घेऊन ओरडलो. वासा माझ्या केसांवरून गेला आणि तुझ्या कानशिलावर बसला.

तू पाण्यात पडलास तेव्हा आवाजही फारसा झाला नाही. होडी कलंडली, पाणी आत आलं, मी डोलकाठीला मिठी मारून राहिलो. मला पोहता येत नाही. मी दोर फेकला. जिथे तू होतास तिथे फेकला, मग जिथे असशील असं वाटलं तिथे फेकला. काठावर गवत कापणारा एक ठाकर पाण्यात शिरून आला, त्यानं मला बाहेर काढलं. तू संध्याकाळी बांधाजवळ सापडलास. तुझ्या उजव्या हाताची मूठ कोणालाच उघडता आली नाही, ती तशीच मिटलेली ठेवून तुला नेलं. खांदा देताना मला घेतलं सगळ्यांनी, कोणी काही म्हणालं नाही. मी मात्र पावलागणिक शिट्टी ऐकत होतो.

अजून ऐकतो. दुकानात बसलो असताना यार्डातून आवाज आला की हातातलं घड्याळ खाली ठेवून मोजतो. एक, दोन. तिसरी झाली की ते घड्याळ त्या दिवशी परत हातात घेत नाही. मी तर तुझा नुसता मित्र. मग विचार करायचो, वहिनींना हे सांगितलं तर त्यांचं काय होईल. त्यांना घर सोडून जायला जागा नाही, आणि गाड्या काही कोणासाठी थांबत नाहीत. नको सांगायला, असं मी ठरवायचो. मग डोळ्यांसमोर ओट्यावरची ती माणसं यायची आणि तो नवशिका शब्द. इतकी वर्षं घाटात एकही गाडी हातून सुटू न दिलेल्या माणसाला नवशिका म्हणून वाटेला लावायचं? मी पुन्हा उलट ठरवायचो.

आज सकाळी दुकान उघडलंच नाही. औंढ्याला गेलो. वहिनी खळ्यात भात झोडत होत्या, एकट्याच. मला बघून थांबल्या, तांब्याभर पाणी दिलं आणि पेंढ्यावर बसल्या. मी आधी इकडचं तिकडचं बोललो. मग मी सांगून टाकलं. सगळं, आत्ता लिहिलं तसं. शिट्टी, पाय, खांदा, पिळणं. तो भ्याला नव्हता वहिनी, म्हणालो, तो ड्युटीवर होता. शिट्टीचं मी तुम्हाला सांगणार नव्हतो, कारण ती तुम्हाला रोज ऐकावी लागणार.

वहिनी रडल्या नाहीत. हातातल्या लोंब्या चोळू लागल्या.

"झोपंतबी पिळायचे त्ये," त्या म्हणाल्या. "ड्युटीवरनं येऊन दुपारचं निजले, आन यार्डात तीन शिट्ट्या झाल्या, की माजं मनगट धरून पिळायचे. पयल्यांदा म्या हात सोडवाया गेले तर लयच जोरात. मंग सवं झाली. हात ढिला टाकून पडायचं. जरा येळानं 'गाडी हुबी ऱ्हायली' म्हनायचे आन सोडायचे. मंग गाढ झोप लागायची त्येस्नी."

इतकी वर्षं मी तुमच्या घरी जेवलो, महादू, आणि हे मला ठाऊक नव्हतं. वहिनींनी बांगड्या उतरवलेलं ते मनगट मांडीवर उलटं ठेवलं होतं. त्याकडे बघतच त्यांनी विचारलं.

"तितं म्हनले का, भावजी? हुबी ऱ्हायली, म्हनले का?"

होय वहिनी, म्हणाला, मी म्हणालो. त्यांनी मान हलवली, उठल्या आणि पुढची पेंढी उचलली.

तू काही म्हणाला नाहीस, महादू. वासा बसला तेव्हा तू अजून पिळतच होतास.